कवा येईल ते सांग

होस्टेलवर पहिल्या आठवड्यात सर्वांत जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न म्हणजे "गाव कोणतं तुझं?" मी "पवनी" म्हटलं की समोरची हमखास म्हणते, "हां, विनोबांचं ना?" नाही हो बाई! ते पवनार. ते वर्ध्याजवळ, धाम नदीच्या काठी. आमची पवनी भंडारा जिल्ह्यातली, वैनगंगेच्या काठची. मग मी सुरूच होते. गावात इतकी देवळं आहेत की लोक 'विदर्भाची काशी' म्हणतात, विदर्भातल्या अष्टविनायकांपैकी एक आमच्याकडे आहे, जुन्या किल्ल्याचा खंदक आहे, आणि जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभाग यांनी मिळून खोदकाम केलं तेव्हा दोन हजार वर्षांपेक्षा जुना बौद्ध स्तूप सापडला. मी इथपर्यंत येईस्तोवर समोरची मेसच्या रांगेत जाऊन उभी राहिलेली असते.

तर मंडळी, पवनीचा इतिहास सांगायला हा लेख नाही. लेख आहे फायनल इयरच्या प्रोजेक्टबद्दल. त्यातही प्रोजेक्टच्या अशा एका भागाबद्दल, ज्याला रिपोर्टमध्ये अर्धं पानसुद्धा मिळत नाही: सिम्युलेशन संपल्यावर रिझल्ट फाइलमधून नेमका आकडा बाहेर कसा काढायचा. विषय रुक्ष वाटतो ना? मलाही वाटायचा. पण माझ्या बाबतीत हा विषय थेट आमच्या घराच्या ओट्यापर्यंत गेला, म्हणून लिहावंसं वाटलं.

आधी नदीचं सांगते. पवनीच्या वर, साधारण दहा-बारा किलोमीटरवर गोसेखुर्द धरण आहे. कागदोपत्री नाव इंदिरा सागर. २२ एप्रिल १९८८ ला पंतप्रधान राजीव गांधींच्या हस्ते भूमिपूजन झालं आणि आमच्या आधीची एक अख्खी पिढी "धरण होऊन राहिलं" हे वाक्य ऐकत मोठी झाली. या धरणाला ३३ दरवाजे आहेत. पावसाळ्यात आमच्याकडे हवामानाची चौकशी करायची पद्धत वेगळी आहे. "पाऊस किती झाला?" असं कुणी विचारत नाही. "किती गेट उघडले?" असं विचारतात.

ऑगस्ट २०२०. माझा दहावीचा निकाल लागून महिना झाला होता, कोरोनामुळे सगळं बंद होतं. महालक्ष्म्या उठल्या होत्या, गणपती अजून बसलेले होते. वर मध्य प्रदेशात, वैनगंगेच्या आणि पेंच-कन्हानच्या खोऱ्यात जबरदस्त पाऊस झाला. शिवनी जिल्ह्यातल्या संजय सरोवरातून पाणी सुटलं, पेंचवरच्या तोतलाडोहातून सुटलं, आणि हे सगळं पाणी शेवटी गोसेखुर्दला एकत्र आलं. सर्व ३३ दरवाजे उघडावे लागले. २९ आणि ३० ऑगस्टला भंडारा शहर, आमची पवनी, खाली चंद्रपूर जिल्ह्यातला ब्रह्मपुरी तालुका, गडचिरोलीकडची नदीकाठची गावं, सगळीकडे पाणीच पाणी.

आमचं घर घाटाकडे उतरणाऱ्या गल्लीत आहे. पाणी आमच्या ओट्यावर हातभर चढलं. आम्ही वेळेत वरच्या आळीत मामाकडे गेलो होतो, त्यामुळे माणसांना काही झालं नाही. पण धानाची पोती अर्धीच हलवता आली आणि बाबांचं शिलाई मशीन खालीच राहिलं. पाणी ओसरल्यावर आजीनं पहिलं काम काय केलं असेल? चुलीतला कोळसा घेतला आणि भिंतीवर चिखलाची रेघ जिथे उमटली होती तिथे काळी रेघ ओढली. "राहू दे. पुढच्यायले कामी येईल." पुढे सिव्हिलला आल्यावर मला कळलं की या रेघेला पुस्तकात पूरखूण म्हणतात आणि मॉडेल तपासून घ्यायला तिच्यासारखी दुसरी वस्तू नाही. आजी चौथी शिकलेली आहे.

आता प्रोजेक्ट. ग्रुपमध्ये आम्ही तिघं. मी, माझी यवतमाळची रूममेट, आणि एक लातूरचा भिडू. ज्याच्या शहराला २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, तो पुराच्या प्रोजेक्टमध्ये! त्याचं म्हणणं, "आम्ही पाणी बघायलाच तुमच्याकडं आलोय." विषय ठरला: गोसेखुर्द ते पवनी या पट्ट्यातल्या वैनगंगेच्या पुराचं सिम्युलेशन. गाईड सरांनी टायटलवर सही केली आणि खाली पेनानं लिहिलं, "आउटपुट: कमाल जलपातळी." म्हणजे पाणी जास्तीत जास्त किती उंच चढतं ते. पुराच्या बहुतेक अभ्यासांत हाच आकडा काढतात, कारण पूररेषा त्याच्यावर आखतात, पुलाची उंची त्याच्यावर ठरते.

सॉफ्टवेअर होतं हेक-रास. अमेरिकेच्या लष्करी अभियंता दलाचं एक जलशास्त्र केंद्र कॅलिफोर्नियात डेव्हिस या गावी आहे, त्यांनी हे बनवलंय. १९९५ पासून ते चक्क फुकट मिळतं, त्यामुळे आपल्या लॅबमधल्या क्रॅकच्या सीड्यांच्या परंपरेला इथे वाव नाही. त्यात नदीचे आडवे छेद भरायचे, गावाच्या भागावर छोट्या छोट्या सेलची जाळी अंथरायची, वरच्या टोकाला धरणातून किती पाणी कोणत्या वेळी सुटतं ते द्यायचं, नदीच्या तळाचा खडबडीतपणा म्हणजे मॅनिंगचा 'एन' द्यायचा, आणि रन म्हणायचं.

गोम अशी की यातला एकही आकडा पक्का माहीत नसतो. 'एन' पुस्तकात बघायला जावं तर अशा नदीला ०.०२५ पासून ०.०४५ पर्यंत काहीही चालतं. म्हणून सरांनी सांगितलं, एकच रन करून "हे उत्तर" म्हणू नका. 'एन'च्या पाच किमती घ्या, सर्वोच्च विसर्गाच्या चार, आणि दरवाजे शून्यापासून पूर्ण उघडायला लागणाऱ्या वेळेच्या तीन. पाच गुणिले चार गुणिले तीन, साठ रन! हाताने साठ वेळा फाइल उघडा, आकडा बदला, रन करा, रिझल्ट बघा, वहीत लिहा. लातूरवाल्यानं तिथल्या तिथे हात जोडले.

इथे वर्कफ्लो सॉफ्टवेअर येतं. हे सॉफ्टवेअर स्वतः नदीचं गणित करत नाही. ते मुकादमाचं काम करतं. इनपुट फाइलमध्ये आकडे बदलून ठेवायचे, मूळ सॉफ्टवेअरला कामाला लावायचं, काम संपलं की रिझल्ट फाइलमधून हवा तो आकडा काढायचा, तक्त्यात टाकायचा, आणि पुढच्या रनला लागायचं. कंपन्यांमध्ये यासाठी इटलीतलं मोडफ्रंटियर, नाहीतर आयसाइट वापरतात, पण त्यांच्या लायसन्सच्या किमती आपल्याला झेपणाऱ्या नाहीत. आम्ही वापरलं डकोटा. अमेरिकेच्या सँडिया राष्ट्रीय प्रयोगशाळेचं आहे, तेही फुकट. त्याची पद्धत एकदम साधी. प्रत्येक रनला डकोटा एक छोटी फाइल लिहून देतं: या वेळी 'एन' इतका, विसर्ग इतका. मग तुमची स्क्रिप्ट चालवतं. आणि शेवटी तुमच्याकडून एका छोट्या फाइलमध्ये उत्तराचा आकडा मागतं. मधे काय करायचं ते तुमचं तुम्ही बघा.

आणि या 'मधे'च सगळी मजा आहे. हेक-रास एका रनची जी रिझल्ट फाइल बनवतं ती एचडीएफ प्रकारची असते. ती नोटपॅडमध्ये उघडली तर नुसता कचरा दिसतो. ती आतून घरासारखी असते. रिझल्ट्स नावाची खोली, तिच्यात अनस्टेडी, तिच्यात आउटपुट, असं कपाटाच्या आत कपाट उघडत गेलं की शेवटी वॉटर सरफेस नावाचा एक भला मोठा तक्ता सापडतो. त्याच्या ओळी म्हणजे वेळ, रकाने म्हणजे सेल. चार दिवसांचा पूर, दर तासाची नोंद आणि दहा हजार सेल धरले तर एका रनमध्ये जवळपास दहा लाख आकडे. आणि डकोटाला हवा आहे एक.

ज्युनिअर्सना उपयोगी पडेल म्हणून या कामातले खड्डे सांगून ठेवते. सरांनी स्क्रिप्टचं पहिलं अक्षर लिहायच्या आधी ते फळ्यावर लिहून दिले होते.

पहिला खड्डा जागेचा. बरीच सॉफ्टवेअर रिझल्ट साध्या टेक्स्ट रिपोर्टमध्ये देतात. तिथे मोह होतो की "४१२ व्या ओळीतला तिसरा आकडा घे" असं सांगून मोकळं व्हावं. पण एखाद्या रनला वर एक वॉर्निंगची ओळ जास्त छापली गेली की सगळं एक ओळ खाली सरकतं, आणि जलपातळीच्या जागी वेग वाचला जातो. वेगही आकडाच असतो, त्यामुळे कुणी तक्रार करत नाही. म्हणून आधी ओळखीचा शब्द शोधायचा आणि तिथून मोजायचं. एचडीएफमध्ये हाच खड्डा दुसऱ्या रूपात येतो. आपला सेल ५,२३१ नंबरचा आहे असं लिहून ठेवलं आणि नंतर जाळी थोडी बारीक केली, की नंबर बदलतात आणि ५,२३१ नंबरवर भलत्याचंच घर येतं. सेलचा नंबर लक्षात ठेवायचा नाही. जागेचे सहनिर्देशक ठेवायचे, आणि दर वेळी तिथला सेल नव्याने शोधायचा.

दुसरा खड्डा कोरड्या सेलचा. जिथे पाणी पोचलंच नाही त्या सेलमध्ये जलपातळीच्या रकान्यात काय असावं? आपल्याला वाटतं शून्य किंवा मोकळं. पण हेक-रास तिथे सेलच्या तळाची उंची लिहून ठेवतं. म्हणजे कोरड्या ठणठणीत अंगणातही 'जलपातळी' म्हणून एक सभ्य आकडा मिळतो. खोली वजा करून बघितल्याशिवाय पाणी आहे की नाही ते कळत नाही.

तिसरा शिळ्या फाइलचा, आणि हा सगळ्यात बेरकी. समजा सतरावा रन मधेच कोसळला. नवी रिझल्ट फाइल बनलीच नाही. पण सोळाव्या रनची जुनी फाइल त्याच नावाने तिथेच पडलेली आहे. आकडा काढणारी स्क्रिप्ट इमानदारीत ती उघडते, आकडा काढते, आणि सतराव्याच्या नावावर सोळाव्याचं उत्तर लागतं. कालच्या पोळ्या आजच्या म्हणून वाढल्यासारखं, आणि मेसमध्ये निदान चवीवरून कळतं! उपाय दोन. प्रत्येक रनला वेगळं फोल्डर द्यायचं, डकोटा ते सांगितलं की आपोआप करतं. आणि रन नीट संपला नसेल तर उत्तराच्या फाइलमध्ये आकडा न लिहिता 'फेल' हा शब्द लिहायचा. डकोटा तो शब्द ओळखतं. हे मला फार आवडलं. नापास झालेल्यानं उगाच आकडा बनवून सांगण्यापेक्षा सरळ नापास म्हणावं, अशी सोय त्या सॉफ्टवेअरमध्येच आहे.

चौथा एककांचा. हेक-रासमध्ये मुळात फूट-पाउंड असतात, मीटर आपण निवडायचे. आणि उंची समुद्रसपाटीपासून की गावातल्या एखाद्या खुणेपासून, तेही आकड्याबरोबर लिहून ठेवायचं.

हे सगळं ऐकताना मला राहून राहून जगन्नाथ टेकडी आठवत होती. शाळेच्या सहलीत आम्हाला तिथे नेलं होतं. गुरुजी म्हणाले होते, खोदताना नुसती वस्तू काढून भागत नाही. कोणत्या खड्ड्यात, किती खोलीवर, मातीच्या कोणत्या थरात सापडली ते तिथल्या तिथे लिहावं लागतं. ते लिहिलं नाही तर दोन हजार वर्षांपूर्वीचं खापर आणि कालचं फुटलं मडकं यांत फरक उरत नाही. पवनीच्या त्या उत्खननाचा अहवाल नागपूर विद्यापीठाने १९७२ साली छापला. रिझल्ट फाइल म्हणजे तशीच टेकडी आहे. आकडा बाहेर काढताना त्याचा पत्ता बरोबर काढला नाही, तर हातात नुसतं खापर राहतं.

तर स्क्रिप्ट तयार झाली, साठच्या साठ रन एका रात्रीत झाले, कमाल जलपातळीचा सुंदर ग्राफ आला. निष्कर्षही स्पष्ट होता: आमच्या मॉडेलमध्ये कमाल पातळीवर सर्वोच्च विसर्गाच्या खालोखाल मॅनिंगच्या 'एन'चा परिणाम होतो. दरवाजे लवकर उघडले काय आणि सावकाश उघडले काय, कमाल पातळीत फारसा फरक नाही. पहिल्या रिव्ह्यूत आम्ही हे मांडलं, सरांनी मान डोलावली, आणि दिवाळीला मी घरी गेले.

जाताना लॅबमधून ऑटो लेव्हल आणि स्टाफ सही करून नेला होता. आजीच्या कोळशाच्या रेघेची आणि आमच्या ओट्याची उंची मोजायची होती. गल्लीत तिपाई मांडल्यावर जे व्हायचं तेच झालं. "रस्ता होऊन राहिला का व?" "नाली काढून राहिले का?" "कोणाचं अतिक्रमण निघालं?" स्टाफ धरायला चुलतभाऊ. तो दर दोन मिनिटांनी स्टाफ वाकडा करून मोबाइल बघायचा. संध्याकाळी मी ओट्यावर लॅपटॉप उघडून आजीला ग्राफ दाखवला. म्हटलं, "आजी, बघ. इतकं पाणी सुटलं तर इतकं चढेल, तितकं सुटलं तर तितकं."

तिनं बराच वेळ पाहिलं. मग म्हणाली, "केवढं येईल ते मले ठाऊक आहे बाई, रेघ मीच ओढली. कवा येईल ते सांग."

मी म्हटलं, "म्हणजे?"

"म्हणजे गेट उघडल्याचं कानावर आलं, तर ओट्याले पानी लागेपर्यंत माह्यापाशी किती वेळ आहे? दहा पोती हलवाची का वीस? मशीन उचलाची का नाही? जागं ठेवाचं का निजू द्याचं लेकरायले?"

मी लॅपटॉपकडे बघत राहिले. तिच्या प्रश्नाचं उत्तर त्या ग्राफमध्ये नव्हतं. रिझल्ट फाइलमध्ये मात्र होतं, साठही फाइल्समध्ये होतं. फक्त ते कुणी मागितलंच नव्हतं.

परत आल्यावर सरांना विचारलं. सर हसले आणि म्हणाले, "मग काढा की. नदी तीच आहे, फाइल तीच आहे." पण प्रकरण तितकं सरळ निघालं नाही. कमाल पातळी हा आकडा तयार मिळतो, हेक-रास तो वेगळा साठवूनच ठेवतं. 'ओट्याला पाणी लागण्याची वेळ' नावाचा तक्ता कोणत्याच कपाटात नसतो. तो आपण बनवायचा. ओट्याच्या सेलचा रकाना वरपासून खाली वाचत जायचं, पातळी ओट्याच्या उंचीला पहिल्यांदा केव्हा ओलांडते ते शोधायचं, आणि त्यातून दरवाजे उघडायला सुरुवात झाल्याची वेळ वजा करायची.

इथे पहिली अडचण. आमच्या फाइल्समध्ये नोंद दर तासाची. कमाल पातळीसाठी ती पुरेशी होती. पण धरण दहा-बारा किलोमीटरवर असताना हिशोब जेमतेम तासांचा आहे, आणि तासाच्या नोंदीवरून उत्तरही तासाच्याच भाषेत मिळतं. आजीला तास म्हणजे पाच पोती. म्हणून नोंद दर दहा मिनिटांची केली, फाइल्स सहापट झाल्या, लातूरवाल्याच्या लॅपटॉपचा पंखा विमानासारखा वाजू लागला, आणि साठ रन पुन्हा.

दुसरी अडचण जास्त गमतीची. काही रनमध्ये पाणी ओट्यापर्यंत येतच नव्हतं. मग वेळ काय सांगायची? शून्य लिहिलं तर डकोटाला वाटेल की पाणी तत्काळ आलं. ९९९९ लिहिलं तर सरासरीचं वाटोळं. 'फेल' लिहावं तर रन बिचारा व्यवस्थित पास झालेला आहे, उलट त्याच्यात तर आमचं घर वाचलंय! तिघांत यावर दोन दिवस भांडण झालं. रूममेटचं म्हणणं ९९९९ लिहू आणि नंतर गाळू. शेवटी तोडगा निघाला तो असा की आकडे दोन काढायचे. पहिला, पाणी आलं की नाही, एक किंवा शून्य. दुसरा, आलं असेल तर केव्हा. आणि दुसऱ्याचा हिशोब फक्त पहिला 'एक' असलेल्या रनचाच करायचा.

तिसरी गोष्ट सरासरीची. आपल्याला सवय असते, साठ उत्तरं आली की सरासरी काढा, आलेख काढा, मोकळे व्हा. पण सरासरी वेळेवर भरवसा ठेवून बसलेल्या माणसाच्या ओट्याला बऱ्याच वेळा पाणी त्याआधीच लागलेलं असेल. आजीला हवी ती सगळ्यात लवकरची वेळ. म्हणून तक्त्यात आम्ही सर्वांत छोटा आकडा वर घेतला.

आणि मग जे दिसलं, त्यासाठी हा लेख लिहावासा वाटला. आउटपुट बदललं तसा निष्कर्षच बदलला. कमाल पातळीसाठी मॅनिंगचा 'एन' महत्त्वाचा होता आणि दरवाजे उघडायला लागणारा वेळ जवळजवळ बिनकामाचा. ओट्याला पाणी लागण्याच्या वेळेसाठी नेमकं उलटं. 'एन' कितीही बदला, वेळ थोडीफार हलते. पण विसर्ग किती भरभर वाढवला यानं ती चांगलीच हलते. नदी तीच, मॉडेल तेच, रनही तेच साठ. पहिल्या ग्राफवरून सल्ला द्यायचा तर आम्ही लिहिलं असतं, 'नदीच्या तळाचा खडबडीतपणा अधिक अचूक मोजावा.' दुसऱ्यावरून लिहावं लागतं, 'विसर्ग कसा वाढत जाणार याचं वेळापत्रक खालच्या गावाला जितकं आधी कळेल तितकं बरं.' पहिला सल्ला सर्वेक्षण करणाऱ्याच्या कामाचा. दुसरा पोती हलवणाऱ्याच्या. दोन्ही खरे आहेत. पण कोणता सल्ला रिपोर्टमध्ये येईल हे ठरतं रिझल्ट फाइलमधून आपण काय बाहेर काढलं यावर, आणि ते ठरलेलं असतं रन करायच्या कितीतरी आधी.

आता कुणी विचारेल, मग आजीला किती तास सांगितले? सांगितले नाहीत. आमच्या मॉडेलमधली जमीन ही फेब्रुवारी २००० मध्ये अमेरिकेच्या एंडेव्हर यानातून रडारनं मोजलेली, तीस मीटरच्या चौकोनांची, फुकट मिळणारी जमीन आहे. तिच्या उंचीत काही मीटरची चूक असू शकते, आणि रडारला पाण्याखालचा तळ दिसत नाही. आमचा ओटा गल्लीपासून तीन पायऱ्या उंच. मीटरच्या चुकीनं पायऱ्यांचा हिशोब सांगणं म्हणजे ताडपत्री मोजायच्या टेपनं सोनं मोजणं. कशाचा परिणाम जास्त आणि कशाचा कमी एवढं असं मॉडेल सांगू शकतं, घड्याळाचा आकडा नाही. पुराचा इशारा देणं हे ज्यांचं काम आहे त्यांच्याकडे प्रत्यक्ष मोजमापं असतात. केंद्रीय जल आयोगाचं पाणी मोजायचं केंद्र आमच्या पवनीलाच आहे. आजीला मी एवढंच सांगितलं, "किती गेट उघडले हे विचारतेस ना, त्याच्याबरोबर कवापासून आणि किती भरभर, हेपण विचारत जा." ती म्हणाली, "हे तं मले पयलेच ठाऊक होतं. तुले चार वर्षं लागली."

रिव्ह्यू दोनला एक्स्टर्नल आले होते. त्यांनी विचारलं, "टायटलमध्ये कमाल जलपातळी आहे, मग हे वेळेचं चॅप्टर कुठून आलं?" आम्ही तिघं एकमेकांकडे बघू लागलो. सरच म्हणाले, "तो लाभार्थ्यांचा अभिप्राय आहे." एक्स्टर्नलनी लिहून घेतलं.

असो. पुढच्या वर्षी प्रोजेक्ट करणाऱ्यांना, मग ते सिव्हिलचे असोत की मेकॅनिकलचे, एक सांगणं. तुम्ही गाडीच्या धडकेचं सिम्युलेशन करा नाहीतर बॉयलरच्या तापमानाचं, स्क्रिप्ट लिहायच्या आधी एका कागदावर रकाने आखा. आकड्याचं नाव. जागा. एकक. उंची कुठून मोजली. नोंद किती वेळानं. आकडा मिळालाच नाही तर काय लिहायचं. आम्ही यात शेवटी सातवा रकाना घातला, 'हा आकडा कुणी मागितला?' आमच्या कागदावर पहिल्या ओळीत त्या रकान्यात 'गाईड सर' लिहिलंय आणि दुसऱ्या ओळीत 'आजी'. तो कागद लॅबमधल्या तिसऱ्या पीसीच्या मागच्या भिंतीवर चिकटवलेला आहे. हवा असेल त्यानं झेरॉक्स काढून घ्यावी, मूळ प्रत तिथेच राहू द्यावी.